बेळगावहून रिंजानी: पहिल्यांदाच ज्वालामुखीचा डोंगर चढणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर जाऊन रिंजानी चढून आलो, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी बेळगावजवळच्या येळ्ळूर गडावर जे कोण भेटतंय ते हेच विचारतंय की कसं जायचं, व्हिसाचं काय, आम्हाला झेपेल का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढलेलं बरं. मी वडगावचा, वय त्रेचाळीस, देशाबाहेर पहिल्यांदाच गेलो होतो, त्यामुळं जिथं जिथं मी अडकलो ती प्रत्येक जागा माझ्या लक्षात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रिंजानीला जाणारं प्रत्येक माणूस चढायची तयारी करतंय. मी पण तेच केलं. पण पायथ्याच्या एका गावाकडून, सेम्बालूनकडून, चढून दुसऱ्या गावाला, सेनारूला, उतरायचा तीन दिवसांचा रूट घेतला तर चढण होते साधारण ३२०० मीटर आणि उतरण होते पावणेचार हजाराच्या जवळपास, हा हिशोब मी घरी बसून कधी केलाच नव्हता. माझा दम कुठंच कमी पडला नाही, गुडघे कमी पडले. तुमचं तसं होऊ नये म्हणून एवढं सगळं लिहायला बसलोय.

१. आधी हा डोंगर काय आहे ते समजून घ्या

रिंजानीची उंची ३७२६ मीटर. इंडोनेशियात सुमात्राचा केरिंची सोडला तर याच्यापेक्षा उंच ज्वालामुखी नाही. आपल्या हिशोबात सांगायचं तर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिच्या सव्वादोन पट, आणि कर्नाटकातलं सगळ्यात उंच मुळ्ळयनगिरी १९३० मीटर, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

सह्याद्री पण ज्वालामुखीचाच आहे की, मग फरक काय, असं आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. फरक वयाचा आहे. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थंड होऊन घट्ट बसलेला, पाय टाकला की धरतो. रिंजानी अजून जिवंत आहे. १२५७ साली तिथलाच शेजारचा सामालास नावाचा डोंगर एवढ्या जोरात फुटला की त्याच्या खुणा पार ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडल्यात. तो डोंगर खचून जो प्रचंड खड्डा पडला त्यात आज सेगारा आनाक हे तळं आहे, आणि तळ्यातूनच बारुजारी नावाचा नवा छोटा ज्वालामुखी वर आलाय, जो २०१६ मध्येही फुटला होता. म्हणून वरचा सगळा उतार राख आणि खड्यांचा, सुटा. घराचं काम चालू असताना दारात ट्रकनं ओतलेल्या मुरमाच्या ढिगावर चढायचा प्रयत्न केलाय का कधी? दोन पावलं वर, एक पाऊल खाली. शेवटचे काही तास तसंच आहे, आणि अंधारात.

२. कधी जायचं

जानेवारी ते मार्च पावसामुळं ट्रेक साधारण बंदच असतो. मे ते ऑक्टोबर कोरडा सीझन. आपल्याकडं जुलैत धो धो पाऊस आणि तिथं निळं आभाळ, आपल्याला हे डोक्यात बसायला वेळ लागतो. भूकंप, वणवा किंवा ज्वालामुखीची हालचाल वाढली की नॅशनल पार्क कधीही रूट बंद करतंय. २०१८ च्या जुलैअखेर तिथं मोठा भूकंप झाला तेव्हा शेकडो ट्रेकर वर अडकले होते. तिथल्या सरकारी ज्वालामुखी खात्याची धोक्याची चार लेव्हल असतात, नॉर्मल ही सगळ्यात खालची. निघायच्या आठवड्यात ऑपरेटरला लेव्हल विचारा, आणि शेवटी दोन दिवस मोकळे हातात ठेवा.

३. कागदपत्रं, आणि आपल्या भागातल्यांची खास अडचण

पासपोर्टसाठी आता हुबळीला पळायला नको, बेळगावात हेड पोस्टातच सेवा केंद्र आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला वर २००० जास्त. इथपर्यंत सोपं आहे.

अडचण नावाची. आपली शाळा मराठी, सरकारी दाखले कन्नड, आधार इंग्रजीत, आणि प्रत्येक वेळी नाव एका लिपीतून दुसरीत जाताना कायतरी बदलतंय. माझ्या दहावीच्या मार्क्स कार्डवर आडनावाच्या आधी इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, आणि पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं. त्यात २०१४ च्या आधीच्या सगळ्या कागदांवर गावाचं नाव बेळगाव आणि नंतरच्या कागदांवर बेळगावी. गावाच्या नावावरून मला कुणी अडवलं नाही, पण इनिशियल आणि स्पेलिंगनं माझे दीड महिने खाल्ले. म्हणून सगळ्यात आधी आधार, पॅन आणि दहावीचं कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती, मग पासपोर्टचा अर्ज. उलट केलं तर दोनदा फेऱ्या.

काय काय लागतंय ते असं:

- पासपोर्ट, तिथं उतरायच्या तारखेपासून किमान सहा महिने व्हॅलिड
- व्हिसा: आपल्याला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतोय, ५ लाख इंडोनेशियन रुपिया, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार, ३० दिवसांसाठी. घरून ऑनलाइन काढला तर विमानतळावर एका लाईनीतून सुटका
- परतीचं तिकीट, प्रिंट काढून
- येण्याआधी भरायचा ऑनलाइन डिक्लरेशन फॉर्म, त्याचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये सेव्ह करून
- बालीवरून जाणार असाल तर बालीचा पर्यटक कर, १ लाख ५० हजार रुपिया, वेगळा
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, ज्यात ४००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि रेस्क्यू दोन्ही लिहिलेलं असेल असा
- तब्येतीचं सर्टिफिकेट, ते डोंगराच्या पायथ्याला क्लिनिकमध्ये बीपी वगैरे बघून देतात
- रिंजानी नॅशनल पार्कचं बुकिंग, ते ऑपरेटर करतो, पण तुमच्या नावाची कॉपी मागून घ्या

यात दोन सापळे आहेत. व्हिसासाठी सर्च केलं की सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. आमच्यातल्या एकाचे असेच गेले. इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटशिवाय कुठंच कार्ड नंबर टाकू नका. आणि इन्शुरन्सची पॉलिसी नुसती हेडिंग बघून घेऊ नका. बऱ्याच साध्या पॉलिसीत डोंगर चढणं हे वगळलेल्या गोष्टींच्या यादीत बारीक अक्षरात असतंय. ते पान वाचाच.

४. तयारी: चढायची नाही, उतरायची

तीन महिने द्या. त्यापेक्षा कमी देऊन जाणारे आहेत, पण त्यांची हालत मी तिथं बघितलीय.

माझं चुकलं ते इथं. मी रोज सकाळी टिळकवाडीपर्यंत पळत जायचो, रविवारी पाठीवर बॅग घेऊन येळ्ळूर गड चढायचो, वर जाऊन फोटो, आणि उतरताना मित्राच्या गाडीवर बसून खाली. चार महिने हेच चाललं होतं. म्हणजे चार महिने माझ्या मांड्यांना उतरण माहीतच नव्हती. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्या कामाची त्याला सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी तो दगड होतो आणि मग सगळा भार गुडघ्यावर येतो.

तुम्ही असं करा:

पहिला महिना, आठवड्यातून चार दिवस पाऊण तास झपाझप चालणं आणि दोन दिवस जिने. अपार्टमेंटचा जिना असेल तर लिफ्टनं वर जा आणि चालत खाली या. ऐकायला विचित्र वाटतंय, पण हेच करा. दहा-पंधरा वेळा.

दुसरा महिना, रविवारी येळ्ळूर गड दोनदा चढून दोन्हीवेळा पायीच उतरायचं, पाठीवर सहा-सात किलो. बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरल्या तर सोयीचं पडतंय. वर जाऊन जास्तच गुडघे कुरकुरले तर पाणी ओतून टाकता येतं.

तिसऱ्या महिन्यात मोठा डोंगर. चंदगड तालुक्यातला कलानंदीगड किंवा पारगड आपल्याला जवळ, पारगडच्या पायऱ्या उतरणीच्या सरावाला एकदम चांगल्या. सलग दोन दिवस करायचं, शनिवारी एक आणि रविवारी एक. कारण रिंजानीवर खरी परीक्षा दुखऱ्या पायांनी परत चालण्याची असते. खानापूरच्या जंगलात, भीमगड भागात जायचं मनात आणू नका, ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत गेलात तर केस होते, आणि पावसात तिथले ओढे कधी भरतील सांगता येत नाही.

शेवटचं एक. कुठंतरी मुरमाचा किंवा खडीचा ढीग बघा आणि त्यावर टाच मारत उतरायला शिका. सुट्या उतारावर आपण घाबरून मागं रेलतो आणि मग पाय सटकतो. टाच आत रोवायची, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढं. हे मला तिथल्या गाईडनं शिकवलं, म्हणजे ज्या जागी आधीच येत असायला पाहिजे होतं त्या जागी.

बीपी, शुगर, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. चोवीस तासांच्या आत ११५० मीटरवरून ३७०० वर जायचं आहे, उंचीचा त्रास होऊ शकतो. त्यावरची गोळी डॉक्टरांनी दिली तरच घ्या, मित्राकडची नको.

५. ऑपरेटर निवडताना

परदेशी माणसाला एकट्याला चढता येत नाही, गाईड आणि पोर्टर घ्यावेच लागतात. ते बरंच आहे. ऑनलाइन पन्नास पॅकेज दिसतील आणि सगळ्यांचे फोटो सारखेच. आम्ही सगळ्यात स्वस्तातलं घेतलं आणि स्लीपिंग बॅग निघाली पातळ, चेन तुटलेली. म्हणून पैसे भरायच्या आधी व्हॉट्सअॅपवर हे विचारा: एका गाईडमागं किती माणसं? (पाचच्या वर असतील तर सोडा.) पोर्टर किती? परवाना, इन्शुरन्स, हेल्थ चेक पॅकेजमध्ये धरलंय का? टॉयलेट टेंट आहे का? अर्ध्यातून एक माणूस परत फिरला तर त्याच्यासोबत कोण येणार?

या शेवटच्या प्रश्नाला जो गोलगोल उत्तर देतो त्याच्याकडं जाऊ नका. आमच्या ग्रुपमधल्या वहिनी शिखराच्या अलीकडून परत फिरल्या, उलट्या सुरू झाल्या म्हणून. आमच्यासोबत दुसरा गाईड होता म्हणून त्यांना अंधारात एकटं थांबावं लागलं नाही.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा. टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भात, चालत असेल तर अंडं, तळलेली केळी हे सगळं वर बनवून देतात, पण सामान खालूनच भरून न्यावं लागतं.

६. बॅग

पाठीवर तुमचं स्वतःचं असं सहा-सात किलोच ठेवा. तंबू, जेवण, पाणी पोर्टर नेतात. ते लोक बांबूच्या दोन टोकांना टोपल्या बांधून खांद्यावर नेतात, आपल्याकडच्या कावडीसारखंच, आणि पायात कित्येकांच्या साध्या चपला. वीस-पंचवीस किलोच्या वरचं ओझं घेऊन ती माणसं आपल्याला मागं टाकून जातात.

- बूट, घोट्याच्या वरपर्यंतचे, किमान महिनाभर घालून मुरवलेले
- गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत गुंडाळायचं कापड, नाहीतर बुटात राख आणि खडे भरतात
- काठ्या दोन. चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये अडवतात
- हेडलॅम्प आणि जादा सेल. मोबाइलच्या टॉर्चवर शिखर चढता येत नाही, हात मोकळे लागतात
- गरम जॅकेट, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. शिखरावर पहाटे शून्याच्या आसपास जातंय आणि वारा वेगळा
- नी-कॅप दोन्ही पायांना
- नाकातोंडावर बांधायला मफलर किंवा मास्क, धूळ भयंकर
- ओआरएस, पेनकिलर, बँडेज, सनस्क्रीन
- दोन जोड जाड मोजे
- पॉवर बँक, केबिन बॅगेत

खायला घरचं काय न्यायचं? आईनं कुंदा बांधून दिला होता, तो दुधाचा, टिकणार नाही आणि दुधाच्या पदार्थांवर तिकडं विमानतळावर प्रश्न येऊ शकतात, म्हणून तो बेंगळूरच्या पाहुण्यांकडं देऊन टाकला. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र न्याच. कडक भाकरी महिनाभर खराब होत नाही, वजनाला काही नाही, आणि २६०० मीटरवर संध्याकाळी तोंडाला चव नसते तेव्हा अर्धी भाकरी आणि चिमूटभर चटणी पोटात गेली की जीव परत येतो. आमच्या गाईडनं पण खाल्ली. शेंगदाण्याची चटणी त्यांच्याकडं पण असते, फक्त पातळ, त्याला ती लगेच ओळखीची वाटली.

७. बेळगाव ते सेम्बालून

सांबऱ्याहून बेंगळूरचं विमान, किंवा रात्रीची राणी चन्नम्मा. रेल्वेनं गेलात तर एक लक्षात ठेवा, विमानतळ देवनहळ्ळीला आहे, मॅजेस्टिकवरून वायू वज्र बसनं दीड तास धरा. बेंगळूर ते बाली, तिथून लोंबोकला अर्ध्या-पाऊण तासाचं छोटं विमान. बालीच्या पादांग बाईवरून बोट पण आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतोय, ज्याला बोट लागते त्यानं विमानच घ्यावं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. कॅश लोंबोक विमानतळावरच किंवा माताराम शहरात काढा, सेम्बालूनमध्ये एटीएमच्या भरवशावर राहू नका. लाखाच्या नोटा बघून दचकू नका, आपला एक रुपया म्हणजे तिकडचे पावणेदोनशे-दोनशे.

सेम्बालून हे चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये शेती असं गाव, लसूण आणि स्ट्रॉबेरीसाठी नावाजलेलं. बहुतेक लोक सासाक समाजाचे, मुसलमान. गावातून फिरताना गुडघ्याखालपर्यंत कपडे घालावेत. संध्याकाळी लवकर जेवून झोपा.

८. पहिला दिवस: काठापर्यंत

सेम्बालूनचं गेट ११५० मीटरला आणि कॅम्प २६३९ मीटरवर, ज्वालामुखीच्या काठावर, त्याला प्लावांगान सेम्बालून म्हणतात. सुरुवातीचे तीन तास सगळं मोकळं गवत, सावली नाही. आमच्या ग्रुपनं इथं चूक केली, गार हवा आणि साधी चढण बघून गप्पा मारत जोरात निघालो. गाईड मागून सारखं म्हणत होता, "पेलान-पेलान." म्हणजे हळूहळू. त्याचं ऐका.

तिसऱ्या टप्प्यानंतर खरं सुरू होतंय. तिथं एकामागं एक सात टेकड्या आहेत, तिकडचे लोक त्यांना पश्चात्तापाच्या टेकड्या म्हणतात. प्रत्येक टेकडी चढताना वाटतं हीच शेवटची. मोजत बसू नका. दर पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, दोन घोट पाणी, आणि परत. दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, तहान लागायची वाट बघायची नाही.

कॅम्पवर माकडं आहेत. तंबूची चेन उघडी ठेवून सूर्यास्त बघायला गेलात तर खाऊची पिशवी गेलीच म्हणून समजा. कचरा आपला आपण खाली आणायचा, आणि पोर्टर कुठं टाकत असतील तर त्यांनाही प्रेमानं सांगा.

सात वाजता जेवा आणि झोपा. झोप लागत नाही, तरी आडवे पडा.

९. शिखर: रात्री दोन ते सकाळी साडेसहा

दीडला उठवतात. चहा-बिस्किट घ्या, इच्छा नसली तरी. ११०० मीटर चढायचं आहे आणि त्याचे तीन वेगळे भाग आहेत, हे माहीत असलं की मनाला बरं पडतंय.

पहिला भाग एकदम उभा आणि धुळीचा, पुढच्याच्या बुटानं उडवलेली राख आपल्या तोंडात. सगळे ग्रुप एकाच वेळी निघतात म्हणून इथं गर्दी. मफलर बांधा, पुढच्यापासून चार पावलं लांब राहा.

दुसरा भाग कड्याची धार. चढ कमी, वारा जास्त. एका बाजूला खाली तळ्यापर्यंत सरळ खोल. अंधारात ते दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही, पण खोली तर आहेच. इथून माणसं पडलेली आहेत. गाईडच्या पुढं जायचं नाही, फोटोसाठी कडेला जायचं नाही, आणि दमून बसायचं झालं तर तळ्याच्या विरुद्ध बाजूला, दगडाला टेकून.

तिसरा भाग म्हणजे तो मुरमाचा ढीग. पाय पोटरीपर्यंत रुततो आणि अर्धा परत येतो. मी वीस पावलं टाकायचो आणि थांबायचो. नंतर पंधरा. नंतर दहा. माझ्या हेडलॅम्पच्या उजेडात फक्त पुढच्याच्या बुटाची टाच आणि तिथून घरंगळत येणारे काळे-तांबडे खडे, एवढंच जग होतं दीड तास. गाईड वरून ओरडायचा, "हाती-हाती!" मला पहिल्यांदा वाटलं हत्तीच आला की काय, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जपून. एक युक्ती सांगतो: आधी गेलेल्याच्या पावलाच्या खड्ड्यातच पाय ठेवा, तिथली राख थोडी दाबलेली असते. बूट जमिनीत लाथ मारल्यासारखा आत घालायचा, क्षणभर थांबायचं, मग वजन टाकायचं.

परत फिरायचं कधी? गाईडला विचारून हा नियम निघण्याआधीच ग्रुपमध्ये ठरवून घ्या. डोकं ठणकत असेल आणि सोबत उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल, बोटं सुन्न होऊन मूठ वळत नसेल, तर खाली. चर्चा नाही. वहिनी परत फिरल्या तेव्हा त्यांना रडू आलं, आमच्यातले दादा पण त्यांच्याबरोबर खाली गेले. काठावर येईपर्यंत त्यांची डोकेदुखी अर्धी उतरली होती, आणि त्यांनी सूर्य उगवताना कॅम्पवरून तळं बघितलं. तिथून ते शिखराइतकंच सुंदर दिसतं, हे मी त्यांच्या फोटोवरून सांगतोय.

वर आम्ही दोघंच पोहोचलो, सव्वासहाला. साडेसहाच्या सुमारास सूर्य आला. पश्चिमेला बालीचा आगुंग ढगांच्या वर, पूर्वेला सुंबावा बेटावरचा तांबोरा, जो १८१५ मध्ये फुटला होता, आणि रिंजानीची स्वतःची सावली त्रिकोणासारखी समुद्रावर पडलेली. खाली निळं तळं आणि त्यातून वर आलेला काळा बारुजारी. वीस मिनिटांच्या वर थांबू नका, अंग गार पडतं.

आणि मग उतरण. राखेतून उतरायला मजा येते, टाच मारली की पाय आपोआप घसरत जातो, पोरं पळत सुटतात. पळू नका. माझ्या गुडघ्यातली पहिली कळ इथंच आली आणि मी ती मनावर घेतली नाही.

१०. तळं, दुसरा काठ आणि सेनारूचं जंगल

कॅम्पवर नाश्ता करून लगेच तळ्याकडं उतरायचं असतं, २६३९ वरून साधारण २००० मीटरवर. दगडांची वाट, काही ठिकाणी लोखंडी आधार. मला दोन तासांच्या वाटेला पावणेचार लागले. प्रत्येक उंच दगडावरून उतरताना मी बसायचो, हात टेकायचो आणि मग पाय सोडायचो. पोर्टरमधला एक वयस्कर माणूस आपली कावड खाली ठेवून परत वर आला, काही न बोलता माझी बॅग घेतली आणि पुढं चालू लागला. त्याला आपली भाषा येत नाही, मला त्याची येत नाही. मी नुसता हात जोडला.

तुमचे गुडघे बोलायला लागले असतील तर इथंच निर्णय घ्या. कॅम्पवरूनच सेम्बालूनला परत उतरायचा दोन दिवसांचा पर्याय असतो. एकदा तळ्यावर उतरलात की बाहेर पडायला परत लांब चालावं लागतंय, दुसरा उपाय नाही. ऑपरेटरशी बुकिंग करतानाच बोलून ठेवा की गरज पडली तर रूट बदलता येईल का.

तळ्याजवळ गरम पाण्याचे झरे आहेत. अर्धा तास पाय सोडून बसा, बराच फरक पडतो. हे तळं सासाक लोकांना आणि बालीच्या हिंदूंना दोघांनाही पवित्र, बालीचे लोक इथं पूजा करून पाण्यात सोन्याच्या वस्तू सोडतात. तिथं साबण, शाम्पू, आरडाओरडा नको.

पुढं सेनारूच्या बाजूचा काठ, २६४१ मीटर. म्हणजे जेवढं उतरलो तेवढंच परत चढायचं, आणि ही चढण हाताचा आधार घेत घेत, खडकातली. मला ती सोपी गेली. चढताना माझा गुडघा दुखत नव्हताच.

तिसऱ्या दिवशी सेनारूला उतरायचं, २६४१ वरून ६०० मीटरपर्यंत. वरचा थोडा भाग मोकळा आणि मग गर्द जंगल, उंच झाडं, वेली, शेवाळ, ओली पानं, माकडांचे आवाज. सेम्बालूनच्या कोरड्या गवतानंतर हे बघून मला एकदम जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याची आठवण झाली, तसाच ओल्या मातीचा वास. पण झाडांची मुळं वाटभर पसरलेली आणि बुळबुळीत. मुळावर पाय ठेवू नका, मुळांच्या मधल्या मातीत ठेवा. काठ्या थोड्या लांब करा, दोन्ही काठ्या आधी खाली टेकायच्या आणि मग पाय. नी-कॅप सकाळीच घाला, दुखायला लागल्यावर घालून उपयोग नाही. दर तासाला पाच मिनिटं बूट काढा, बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात, म्हणून निघायच्या आधी नखं कापलेली पाहिजेत आणि उतरताना लेस वरच्या बाजूला घट्ट.

११. खाली आल्यावर

त्याच दिवशीचं विमान बुक करू नका. आम्ही केलं नव्हतं म्हणून वाचलो, मला दुसऱ्या दिवशी कमोडवर बसता-उठता येत नव्हतं. सेनारूत एक रात्र काढा. पायात त्राण असेल तर जवळच सिंदांग गिले धबधबा आहे, पायऱ्या उतराव्या लागतात तेवढं लक्षात घ्या.

टिप पोर्टरच्या हातात स्वतः द्या, प्रत्येकाला वेगळी, ऑपरेटरच्या ऑफिसात एकत्र पाकिटात नको. त्यासाठीचे पैसे घरून निघतानाच बाजूला काढून ठेवा, शेवटी कॅश संपलेली असते. वापरून झालेले चांगले हातमोजे, टोप्या, जॅकेट परत आणण्यापेक्षा त्यांना विचारून द्या, आनंदानं घेतात. त्या वयस्कर पोर्टरला मी माझे बूट द्यायला गेलो तर माप जुळलं नाही, त्यानं हसून आपल्या पायातली चपल दाखवली. मग माझ्या दोन्ही नी-कॅप त्याला दिल्या. त्यानं तिथंच पायऱ्यांवर बसून एक डाव्या गुडघ्यावर चढवली, दुसरी टोपलीत ठेवली, आणि रिकामी कावड उचलून गावाकडं गेला.

येळ्ळूर गडावर मी दर रविवारी सहाला असतो, आता पायी उतरतो. पासपोर्टच्या कागदांची अडचण असली तर फाईल घेऊनच या.